विम्याचा हप्ता कोण भरत होतं?

ब्रिटनमध्ये आजारपणाने नोकरी सुटली आणि कंपनीने काढलेल्या विम्याचे पैसे दर महिन्याला येऊ लागले, की ‘न्यू स्टाइल ईएसए’ हा सरकारी भत्ता आटतो. आठवड्याला ८५ पाउंडांच्या वर जेवढं मिळेल, त्याच्या निम्मी रक्कम कापतात. म्हणजे विम्याचे आठवड्याला २०५ पाउंड येत असतील तर भत्त्यातून ६० गेले.

पण हप्त्याचा निम्म्याहून जास्त भाग तुमच्या पगारातून जात असेल, तर ही कपात लागू होत नाही. जुन्या पगारपावत्या शोधाच! (त्या नेमक्या वेळी सापडत नाहीत, हे वेगळं.)

आणि भत्ता शून्यावर आला तरी दावा बंद करू नका. नॅशनल इन्शुरन्सचे (पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याचे) क्रेडिट, म्हणजे वर्गणी न भरताही भरल्यासारख्या नोंदी, मिळत राहतात, पुढे सरकारी पेन्शनला ते धरले जातात.