राजवाडा उडवायचा असेल तर

सिंपलप्लेन्स या विमानं बनवून उडवायच्या गेममध्ये लढाऊ विमानं सगळेच बनवतात. इंदूरच्या माणसानं फुग्याखाली आपला होळकरांचा राजवाडा टांगून उडवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हे समजून घ्या की या गेममध्ये हेलियम नाही. फुगा केवढाही करा, तो दिखाव्याचा. उचलायचं काम इंजिनंच करणार. तरी माप मात्र खऱ्या हिशेबानं घ्यावं, नाहीतर बघणाऱ्याला ते पटत नाही. समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. 60 मीटर लांब आणि मधोमध 15 मीटर जाड असा लंबगोल फुगा धरला, तर घनफळ 7000 घनमीटरच्या आसपास जातं. म्हणजे सात टन. फुग्याच्या कापडासकट सगळं जहाज तेवढ्यात बसवा. राजवाडा लहानच करावा लागेल, हे ओघानं आलंच.

फुगा फ्युजलाज ब्लॉकचा, म्हणजे विमानाच्या धडाच्या ठोकळ्यांचा करा. अर्धा बनवून मिरर केलात, म्हणजे दुसऱ्या बाजूला त्याची आरशातली नक्कल उमटवलीत, की झालं. खरी मेहनत राजवाड्याची. सकाळी गर्दी व्हायच्या आत समोरच्या बागेत उभं राहून सरळ फोटो घ्या, तिरका नको. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. ही रंगांची रेषा बरोबर आली की लांबूनही राजवाडा ओळखू येतो. झरोके एकेक कोरत बसू नका, पार्ट वाढले की फोन रडायला लागतो. गडद, पातळ ब्लॉकच्या पट्ट्या पुरतात. मधला उंच दरवाजा मात्र नीट करा.

भाच्यानं विचारलं, "मामा, दगडी मजले खालीच आहेत. त्यांचं डेड वेट, म्हणजे नुसतं जास्तीचं वजन, वाढवलं की जहाज आपोआप सरळ राहील ना?"

खऱ्या एअरशिपचं तसंच असतं. ती कलली तरी हवेचा उचल सरळ वरच लागतो, म्हणून खालचं वजन तिला परत सरळ करतं. आपल्या जहाजात जोर नॉझलचा, म्हणजे इंजिनाचा झोत खाली सोडणाऱ्या तोट्यांचा. जहाज कललं की नॉझलही त्याच्याबरोबर कलतात, मग खालच्या वजनाचा उपयोग काय? पुष्कळजण इथेच फसतात आणि वजन वाढवत बसतात. त्यापेक्षा मधोमध एक जायरोस्कोप, म्हणजे तोल सांभाळणारा पार्ट घाला आणि त्याचं ऑटो ओरिएंट, म्हणजे आपोआप सरळ करायचं सेटिंग, चालू करा.

व्हीटीओएल, म्हणजे सरळ वर उचलणारं इंजिन फुग्याच्या पोटात लपवा. चार नॉझल वस्तुमानकेंद्राच्या पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर लावा. राजवाडा जोडला की केंद्र सरकतं, तेव्हा ते पुन्हा तपासा. इंजिनाला हवा लागते, तर ती आत घेणारा इनटेक फुग्याच्या नाकाशी बसवा. सेटिंगमधून ड्रॅग, म्हणजे हवेचा अडसर, बंद करता येतो, पण मग जहाज माशीसारखं पळतं आणि सगळी शान जाते. ड्रॅग राहू द्या. फक्त राजवाड्याची दर्शनी बाजू पुढे न ठेवता कुशीला ठेवा. वारा कमी अडतो, शिवाय बाजूनं बघणाऱ्याला पूर्ण वाडा दिसतो.

उडताना थ्रॉटल हळूहळू वाढवा. जमीन सुटली की व्हीटीओएलचा स्लायडर जरासाच हलवा, तेवढ्यानं जहाज पुढे सरकू लागतं. दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्यापेक्षा खाली येतील असे चार आखूड पाय लावा, नाहीतर उतरताना पहिला तुटतो तो दरवाजाच.