सायबरबॉल शाळेत नेताय? या चुका टाळा

प्रबंधाचा मोसम आला की कोणीतरी सायबरबॉल डाउनलोड करतं आणि दुसऱ्याच दिवशी शाळा गाठतं. डावललं गेल्यावर माणसाला कसं वाटतं हे तपासायला मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेला हा कॉम्प्युटरवरचा खेळ दिसायला सोपा आहे. पडद्यावर तिघं चेंडू फेकतात, त्यात एक खरं मूल असतं, बाकी दोघं प्रोग्रॅमवर चालतात आणि थोड्या वेळाने मुलाकडे चेंडू येणंच बंद होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोरांना भोळं समजणं. एका शाळेत अख्खी नववी एकदम कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवलेली मी पाहिली. "तुम्ही नागपूरच्या मुलांशी खेळताय," असं सांगितलं होतं. पाच मिनिटांत मागून आवाज आला, "ए, तुझ्याकडे पण रोहनच आहे का रे?" दुसरा म्हणाला, "मॅडम, नेट तर सकाळपासून बंद आहे!" त्यात हा रोहन, म्हणजे प्रोग्रॅममधला खेळाडू, प्रत्येक चेंडू बरोबर दोन सेकंदांनी फेकत होता. तरी प्रयोग करणाऱ्या बाईंना तो डेटा 'थोडा साफ करून' वापरायचाच होता. काय बोलणार?

मी एका वेळी एकालाच बसवते आणि फेकीचा वेळ अर्ध्या ते तीन सेकंदांत कमीजास्त ठेवते. खेळानंतर आधी "कसं वाटलं?", मग "समोरचे कसे होते?" विचारते. "शंका आली का?" हे शेवटी. आधी विचारलंत की सगळेच हुशार होतात.

मुळात दर वेळी थाप मारायची गरज नसते. समोर कॉम्प्युटर आहे हे माहीत असूनही डावललं की लागतं, हे २००४ मध्येच दिसलंय. पैसे वाटून घेण्याच्या खेळाचं तसं नाही. पलीकडे कोणीच नाही म्हटल्यावर उदारपणा कसला मोजणार?

पात्रांना आडनावं देऊ नका, मुलं त्यातून जात वाचतात. हुबेहूब माणसासारखे चेहरेही नकोत, साधी बाहुली पुरते. पालकांची संमती घेतलीत तरी बारा वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकार वेगळा घ्यावा लागतो.

आणि "तास संपला, समोर प्रोग्रॅम होता हे खरं सांगायचं राहिलं" हे मला सांगूच नका. ब्रिटनमधल्या २०१० च्या अभ्यासात डावललं जाणं मोठ्या बायकांपेक्षा किशोरवयीन मुलींच्या मनाला जास्त लागलेलं दिसलं. मी प्रत्येकाला खरं काय ते सांगते आणि शेवटी भरपूर चेंडू मिळेल असा एक डाव खेळवते. वेळ पुरत नसेल तर प्रश्नावलीची दोन पानं कमी करा.