मदतीसाठी सायकल राइड काढताय? आधी दोन डबे वेगळे करा

ग्रुपमध्ये पन्नास-साठ सायकलवाले आहेत आणि यंदा एखाद्या चांगल्या कामासाठी राइड काढायची असं ठरलंय, इथवर तुम्ही पोचला आहात असं धरून चालतो. हेल्मेट घाला, पाणी प्या, आदल्या रात्री वेळेवर झोपा हे मी सांगणार नाही. पुणे ते वाई अशी राइड आम्ही काही वर्षं काढतोय. दर हिवाळ्यात नव्या आयोजकांचे फोन येतात आणि दहातले आठ पहिला प्रश्न विचारतात, "टी-शर्ट कुठून छापून घेता?" हा प्रश्न कानावर आला की यांच्या देणगीदारांचे पैसे कुठे जाणार ते मला कळतं.

हल्ली रविवार उजाडला की कुठली ना कुठली राइड असतेच. झाडांसाठी, हृदयासाठी, मुलींच्या शिक्षणासाठी. वाईट काहीच नाही. पण तुमची राइड फक्त जनजागृतीची असेल तर तसं सरळ लिहा आणि कुणाकडून पैसे मागू नका. पैसे मागणार असाल तर पुढचं वाचा.

संस्था. नोंदणी झालेली, देणगीवर करसवलतीची पावती देऊ शकणारी आणि फोन उचलणारी. छोटी असेल तर उत्तम. तुमचे लाखभर रुपये तिथे दिसतात.

मार्ग. पहाटे साडेपाचला पुण्यातून निघायचं, जुन्या कात्रज घाटातून शिंदेवाडी, मग शिरवळ, खंबाटकी चढून सुरूर फाट्याला वळलं की वाई. साधारण ८५ किलोमीटर. नवख्याला दम लागतो, पण पोचतो. जाताना आपण खंबाटकी घाट चढून जातो, पुण्याकडे येणारी वाहतूक मात्र बोगद्यातून येते. त्या बोगद्यात ट्रकच्या शेजारी नवख्या सायकलवाल्याला घालायचं नाही, म्हणून आमची परतीची वाट बसने. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "एवढं आलोय तर पसरणी घाट चढून पाचगणी करू." वाईपेक्षा पाचगणी जवळजवळ पावणेसहाशे मीटर उंचावर आहे. हौस असेल त्यांनी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आपापल्या जबाबदारीवर जावं.

परवानग्या. महिनाभर आधी पोलिसांना पत्र. या मार्गावर पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि सातारा अशा तीन हद्दी लागतात, तिन्हीकडे द्या. शिक्का मारलेली पोच जवळ ठेवा.

हिशेब. आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी मी इथेच तोंडावर आपटलो.

लोक भरपूर यावेत म्हणून फी ५०० रुपये ठेवली. शंभर जण येतील असं धरलं, कारण व्हॉट्सॲपवर शंभराच्या वर अंगठे आले होते. आले ५८. तोवर शंभर टी-शर्ट, शंभर पदकं, शंभर जणांचं जेवण, मांडव आणि निवेदकाचा माईक असं सगळं सांगून झालं होतं. एका प्रायोजकाने ५०,००० कबूल केले होते, हातात आले २०,०००. एकूण खर्च १,१८,०००. फीचे आले २९,०००. म्हणजे ६९,००० रुपयांचं भगदाड. देणग्या जमल्या होत्या १,४२,००० आणि त्या माझ्याच खात्यात पडून होत्या. मग काय, भगदाड त्यातून बुजवलं. संस्थेला ७३,००० चा धनादेश दिला, फोटो काढला, टाळ्या झाल्या.

दोन दिवसांनी आमच्या शेजारच्या निवृत्त बँकवाल्या काकूंनी जिन्यात गाठलं. त्यांनी ५०० रुपये दिले होते. म्हणाल्या, "अरे, माझ्या पाचशेतले तिथे किती पोचले?" मी म्हटलं, काकू, असा एकेकाचा हिशेब नसतो. "असतो की," म्हणाल्या आणि घरी जाऊन काढला. २५७ रुपये. उरलेल्या २४३ रुपयांत मी कुणाच्या तरी गळ्यात पदक घातलं होतं. उरलेल्या ४२ टी-शर्टांनी आमच्याकडे अजून चेन पुसतात.

तेव्हापासून दोन डबे. एक राइडचा, एक देणगीचा. राइडचा सगळा खर्च राइड करणाऱ्याने द्यायचा, देणगीच्या डब्याला आयोजकाने हातसुद्धा लावायचा नाही. ही अक्कल माझी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० साली ३६ सायकलवाल्यांनी सुरू केलेली पॅन-मास चॅलेंज नावाची राइड आहे. बोस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी ती पैसे उभे करते. सायकलस्वाराने लोकांकडून जमवलेला प्रत्येक डॉलर तिथे संस्थेकडे जातो आणि राइडचा खर्च नोंदणी फी आणि प्रायोजकांतून निघतो. गेली अनेक वर्षं त्यांचा हाच शिरस्ता आहे.

याची दुसरी बाजूही बघा. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस, सात दिवस, ५४५ मैल अशी एड्सग्रस्तांच्या मदतीसाठीची राइड १९९४ पासून या ना त्या नावाने चालू होती. तिने कोट्यवधी डॉलर उभे केले, एका पिढीला आधार दिला. शेवटी शेवटी प्रत्येकाला किमान ३,५०० डॉलर जमवावे लागत. तरीही जून २०२५ ची राइड शेवटची ठरली. कारण आयोजकांनीच सांगितलं: खर्च वाढत गेला आणि येणारे कमी झाले. हजारो माणसांचे तंबू, जेवण, वैद्यकीय पथक असं सगळं आठवडाभर रस्त्याने हलवायचं म्हणजे खर्च येणारच. त्या लोकांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण एवढ्या मोठ्या कामाला जे गणित अखेर झेपलं नाही, ते आपल्या साठ जणांच्या राइडला टी-शर्टसकट झेपेल असं कुणी सांगत असेल तर त्याला वही-पेन द्या.

आता फी कशी काढायची ते. इथे नव्याण्णव टक्के लोक चुकतात, कारण ते एकूण खर्चाला अपेक्षित माणसांनी भागतात. खर्च दोन जातींचे असतात. एक बांधील, म्हणजे दहा आले तरी तेवढाच आणि साठ आले तरी तेवढाच. दुसरा माणशी. आमच्याकडचे आकडे गोल करून देतो, तुमच्या गावात वेगळे असतील. डॉक्टरसकट रुग्णवाहिका १०,०००. सायकली परत आणायला आयशर आणि सगळ्यांत मागे चालणारा छोटा हत्ती मिळून १६,०००. परतीची बस १६,०००. मेकॅनिक ५,०००. नंबर आणि दिशादर्शक फलक ३,०००. स्वयंसेवकांचं जेवण ३,०००. झाले ५३,००० बांधील. पोहे, जेवण, केळी, पाणी, दिवसभराचा अपघात विमा हे माणशी ५५०.

साठ जण आले तर एकूण ८६,०००, म्हणजे डोई १,४३३. चाळीसच आले तर ७५,०००, म्हणजे डोई १,८७५. फी किती लावायची? १,९००. कायम कमीत कमी येणाऱ्यांवर फी काढा, स्वप्नातल्या आकड्यावर नाही. साठ आले तर २८,००० उरतील. ते संस्थेला देणार असं नोंदणीच्या अर्जावर आधीच छापून टाका. उरलं तर द्यायला कुणाची हरकत नसते, कमी पडलं तर मात्र हात आपोआप दुसऱ्या डब्याकडे जातो.

आणि टी-शर्ट? माझ्या यादीत तो नाही. टी-शर्ट ४०० आणि पदक १२० धरलं तर माणशी ५२० झाले. म्हणजे दिवसभराचं खाणंपिणं आणि विमा जेवढ्यात होतो, जवळजवळ तेवढेच पैसे कपाटात जाऊन बसणार. ज्याला हवाच असेल त्याने नोंदणीच्या वेळी वेगळे पैसे भरून मागवावा, मोजून तेवढेच छापा. ड्रोनवाला तर मुळीच नको. कात्रजच्या वळणावर कुणाचा तरी पुतण्या मोबाइल घेऊन उभा राहतो, पुरतं तेवढं.

"१,९०० कोण देणार?" हे हमखास ऐकावं लागतं. चाळीस हजारांची सायकल घेऊन आलेला माणूस देतो, हा माझा अनुभव आहे. ज्याला फक्त लांब सायकल चालवायचीय आणि पैसे वाचवायचेत, त्याने बीआरएम करावी, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर कुणाच्या मदतीशिवाय कापायची राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, स्वतःचं पंक्चर स्वतः काढा, स्वतःचं खाणं स्वतः शोधा. फार चांगला प्रकार आहे आणि स्वस्तही. विद्यार्थ्यांना सवलत जरूर द्या, आम्ही पाच जागा निम्म्या फीत देतो. पण तो तोटा राइडच्या डब्यात आधीच धरा.

प्रायोजकाकडे रोख मागू नका, वस्तू मागा. केळीवाल्याकडून केळी, सायकलच्या दुकानातून मेकॅनिक आणि ट्यूब, मंगल कार्यालयाकडून सकाळचे दोन तास अंगण. रोख कबूल करणारा माणूस मार्च जवळ आला की फोन घेत नाही, केळीवाला मात्र सकाळी पाचला हजर असतो. रोख मिळालीच तर ती खात्यात पडेपर्यंत हिशेबात शून्य धरायची.

देणगीचा डबा. हा तुमच्या हातात नकोच. संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड घ्या आणि तोच सगळीकडे फिरवा. पैसे पाठवताना शेऱ्यात सायकलस्वाराचा नंबर टाकायला सांगा. संस्था आठवड्याला यादी पाठवते, कुणी किती जमवले ते कळतं. "माझ्या नंबरवर जीपे करा, मी एकत्र पाठवतो" असं म्हणणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याला प्रेमाने थांबवा. तो प्रामाणिकच असतो. मीही होतो.

यामागे कायद्याचंही कारण आहे. नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दर वर्षी कलम ४१क खाली घेतात तीच. पैसे थेट संस्थेकडे गेले तर पावती देणगीदाराच्या नावाने निघते. ८०जी म्हणून आपण ओळखतो ती करसवलत हवी असेल तर पॅन द्यावा लागतो, २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ही सवलत नाहीच. हे आधी सांगा, नाहीतर जुलैत फोन येतात. राइडची फी ही देणगी नव्हे, तिच्या बदल्यात माणूस जेवलाय आणि बसने परत आलाय. तिच्यावर ८०जीची पावती कबूल करू नका.

एक भानगड परदेशातल्या नातेवाइकांची. भारतीय पासपोर्ट असलेल्या दुबईच्या भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले तर अडचण नाही. पण न्यू जर्सीच्या मावशीने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर तिची देणगी कायद्याने परदेशी ठरते. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेली संस्थाच ती घेऊ शकते आणि तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच. संस्थेला आधी विचारा. नोंदणी नसेल तर मावशीला मनापासून धन्यवाद म्हणा आणि थांबा. देणगी गोळा करणारी संकेतस्थळं वापरणार असाल तर त्यांचं शुल्क बघा. काही ठिकाणी देणगीवर "टिप" आधीच निवडलेली असते, ती शून्य करता येते हे देणगीदारांना सांगा.

मागायचं कसं. स्टेटस टाकून काही होत नाही. प्रत्येकाने दहा जणांना नाव घेऊन फोन करायचा आणि ५०० मागायचे. आम्ही किमान रकमेची सक्ती करत नाही. सक्ती केली की लोक स्वतःच्याच खिशातून भरतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत.

राइडचा दिवस. सगळ्यांत मागे अनुभवी माणूस ठेवा. खंबाटकीच्या पायथ्याला मीठ-लिंबू पाणी. बाकी तुम्हाला येतं.

नंतर. आठ दिवसांत सगळ्यांची बिलं भागवा आणि दोन्ही डब्यांचा हिशेब एका पानावर लिहून प्रत्येक सायकलस्वाराला आणि देणगीदाराला पाठवा. केळ्यांच्या डझनापर्यंत. आम्ही पहिली प्रत जिन्यातून वर नेऊन देतो. दुसऱ्या वर्षी काकूंनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि आयशरच्या डिझेलचे ३०० रुपये दोनदा धरलेत ते दाखवलं. त्या वर्षी त्यांनी हजार दिले होते.