हाकेला धावत येणारा कुत्रा

कुत्रा घरात आला की त्याला 'हात दे' शिकवायची सगळ्यांना घाई असते. माझं सांगणं आहे की गोव्यात कुत्रा पाळणाऱ्याने आधी एकच गोष्ट पक्की करावी: हाक मारली की असेल तिथून त्याने यावं. आमच्या गावाकडे, कवळ्याला, घराला अंगण असतं, मागे कुळागर म्हणजे माड-पोफळींची बाग असते, पण कुंपण अर्धवटच. गेट कुणी ना कुणी उघडं टाकतंच. बाहेर भरधाव दुचाक्या, भटके कुत्रे, पावसाळ्यात पाचोळ्यातले साप. तिथे 'बस' फारसं कामाला येत नाही, 'ये' कामाला येतं.

शब्द कुठलाही ठेवा, पण घरात सगळ्यांचा एकच हवा. आमच्याकडे सासूबाई कोंकणीत बोलवायच्या, मुलगा इंग्रजीत. मग बसून ठरवलं: 'राजा, ये'. तेवढंच, तेही एकदाच. 'ये, ये, अरे ये ना' करत राहिलात तर पहिल्या तीन हाका सोडून द्यायच्या असतात, असंच तो शिकतो.

बक्षीस म्हणून मी उकडलेलं कोंबडीचं काळीज वापरते, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून. मीठ नाही, मसाला नाही. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो, त्यामुळे कालवणातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका. खारा बांगडाही नको. सोप्या कामाला पोळीचा तुकडा चालतो, पण हाकेला आला तर काळीजच मिळालं पाहिजे.

सुरुवात घरात करा, दोन पावलांवरून. हाक मारा, आला की त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणा आणि लगेच तुकडा द्या. उशीर केलात तर तुकडा कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. मग दोघांनी सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, दोन टोकांना बसून आळीपाळीने बोलवा. पिल्लांना हा खेळ फार आवडतो. चार-पाच मिनिटं पुरे, त्याचा उत्साह टिकून आहे तोवरच खेळ थांबवा. हे जमलं की अंगणात या, आणि इथे लांब दोरी लागते. सुती किंवा नायलॉनची हलकी दोरी घ्या, सुंभ हाताला आणि त्याच्या कातडीला काचतो. दोरी गळपट्ट्याला बांधू नका, छातीच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे झटका मानेवर बसत नाही. दोरी त्याला ओढून आणण्यासाठी नसते. न येता पळून जाण्याची मजा त्याला मिळू नये, एवढ्यासाठीच ती आहे. आला नाही तर ओरडू नका. जवळ जा, लक्ष वेधा, कमी अंतरावरून पुन्हा करा.

आणि एक नियम कधीही मोडू नका. हाकेला आलेल्या कुत्र्याला रागवायचं नाही. त्याने चप्पल फाडलेली असो, नाहीतर शेजाऱ्यांची कोंबडी उठवलेली असो. आंघोळीला किंवा गोचीड काढायलाही हाक मारू नका, स्वतः जाऊन घेऊन या. उलट आल्यावर तुकडा देऊन पुष्कळदा त्याला परत खेळायला सोडा. येणं म्हणजे मजा संपणं नव्हे, हे त्याला पटलं पाहिजे.

खरी परीक्षा सकाळी पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, येतो तेव्हा. सायकलचा भोंपू वाजला की गावातले सगळे कुत्रे गेटावर धावतात. इथे वेळ साधावी लागते. भोंपू लांब वळणावर असतो तेव्हा राजाचे कान ताठ होतात, शेपटी थांबते, पण भुंकणं अजून सुरू झालेलं नसतं. नेमकं तेव्हा 'ये' म्हणायचं. एकदा तो गेटाशी भुंकायला लागला की तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. मी सोप्यावर गोणपाट टाकून ठेवलं होतं. भोंपू, हाक, गोणपाटावर काळीज, हे रोज त्याच क्रमाने. हळूहळू भोंपू ऐकूनच तो गोणपाटाकडे वळायला लागला. पोदेरालाही सांगून ठेवलं होतं, की जरा गेटाबाहेर थांब. आजही तो समजून थांबतो.

'बस' सोपं आहे. तुकडा नाकासमोरून डोक्याच्या वर, मागे न्या. नजर वर गेली की बूड आपोआप टेकतं. पिल्लू चावतं ते दात पडण्याच्या वयात, साधारण चार ते सहा महिन्यांचं असताना. हात काढून घ्या, चावायला दुसरं काही द्या. घरात शू केली तर नाक घासू नका. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्या.

हात लावू देण्याची सवय मात्र लहानपणीच लावा: कान उघडून बघणं, पंजे धरणं, ओठ वर करणं, प्रत्येक वेळी एक तुकडा. मिशन रेबीज या संस्थेची माणसं गावात रेबीजची मोफत लस द्यायला येतात, तेव्हा अशा कुत्र्याला मालक हातात धरून टोचून घेतो. मोकाट कुत्र्यांना जाळं टाकून धरावं लागतं.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच बाहेर काढा. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवा. पाच सेकंद धरवली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) किंवा दिवाळीत नरकासुर जाळतात त्या रात्री फटाके वाजत असतात, तेव्हा काही शिकवायला जाऊ नका. आतल्या खोलीत पंखा लावून, दार बंद करून त्याला ठेवा आणि घरातलं कुणीतरी जवळ बसा. घाबरून निसटलेला कुत्रा ओळखीच्या हाकेलाही येत नाही, म्हणून त्या रात्री गेटाला कडी घातली आहे ना, हे दोनदा बघा.