विज्ञानकथेचं हस्तलिखित छोट्या प्रकाशकाला देण्याआधी

पानांना क्रमांक, स्वतःजवळ एक प्रत, हे सांगत बसत नाही. आधी त्या प्रकाशकाची दोन विज्ञानकथेची पुस्तकं विकत घ्या. फुकट मागू नका. एकाच पुस्तकात कुठे ‘कृष्णविवर’, कुठे ‘ब्लॅक होल’ असेल तर संपादकाचा हात त्यावरून फिरलेला नाही. घातांक नीट चढलेत का तेही बघा. १०⁸ चं १०८ छापलं गेलं की दहा कोटींचे एकशे आठ होतात आणि कथेचं गणितच कोसळतं. मुखपृष्ठ आवडलं नाही तरी चालेल, ही चूक चालणार नाही.

छपाईचा खर्च लेखकाकडून मागणारा असेल तर तिथेच थांबा. पैसे आधीच वसूल झाले की प्रती विकायची निकड त्याला राहत नाही. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे सांगितले तर का, ते विचारा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो.

आता मुदत. हक्क किती वर्षांसाठी देताय? माझ्याकडून हेच विचारायचं राहिलं होतं, म्हणून पुन्हा सांगतो: मुदत विचारा, आणि हस्तलिखित पाठवण्याआधी विचारा. पुस्तक निघणार या आनंदात नंतर तोंड उघडत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ वाचा. हक्क लेखी सहीशिवाय हस्तांतरित होत नाहीत. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा. लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं कॉपीराइट चालतो. म्हणजे आवृत्ती संपून पुस्तक कुठेच मिळत नसताना तुमच्या मुलांनाही ते दुसऱ्याकडे देता येणार नाही. ‘आमचा नेहमीचाच करार आहे हो’ असं कुणी कितीही प्रेमाने म्हणालं तरी मुदत आकड्यात लिहून घ्या. आवृत्ती संपल्यावर ठरावीक महिन्यांत पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क परत, हेही लिहून घ्या. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद यांची मुदत वेगवेगळी. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत ते सगळं जाऊ देऊ नका.

विक्री कशी आहे? पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन त्यांचं जुनं पुस्तक मागून बघा, कळेल. त्यांच्या एखाद्या लेखकाला फोन करून रॉयल्टीचा हिशेब वेळेवर येतो का आणि हो, करारात मुदत किती होती, हे विचारा. दिवाळी अंकांत आधी आलेल्या कथांची यादी जोडा. फाइल युनिकोडमध्ये. शेवटची मुद्रितं स्वतः तपासणार हे आधीच कळवा. उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग दुसरीकडे पाठवा.