ग्रिड उभं राहिलं, पण जॉब पडतायत? या चुका टाळा

सर्नच्या एलएचसी या महाकाय कण-आदळयंत्राच्या करेक्टर मॅग्नेटमध्ये (चुंबकीय क्षेत्रातल्या त्रुटी सुधारणारे चुंबक) इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्राचा मोठा वाटा, आणि त्या यंत्राचा डेटा चाळला जातो तो ग्रिडवर, म्हणजे ठिकठिकाणचे संगणक नेटवर्कने जोडून केलेल्या सामायिक यंत्रणेवर. भारतात मुंबईचं टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी या संशोधन संस्था त्यात आहेत. त्यामुळे इथल्या एखाद्या कॉलेजात लॅबचे पीसी जोडून छोटं ग्रिड करायची हौस कुणाला आली, तर नवल नाही. सॉफ्टवेअर चढतं, टेस्ट जॉब (ग्रिडला करायला दिलेलं काम) पळतो, आणि खरं काम टाकलं की रडगाणं सुरू. दोष बहुतेक वेळा ग्रिडचा नसतो, खालच्या नेटवर्क सेवांचा असतो. एरर मात्र भलतंच काहीतरी सांगते.

सगळ्यात फसवं प्रकरण घड्याळाचं. लॅबच्या पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतात. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) समजतं, आणि नोड, म्हणजे ग्रिडमधला तो पीसी, साडेपाच तास पुढे जातो. आता सकाळी 10 वाजता 12 तासांचं प्रॉक्सी सर्टिफिकेट (तुमच्या वतीने जॉबची ओळख पटवणारा तात्पुरता डिजिटल दाखला) काढलं, तर ते रात्री 10 पर्यंत चालायला हवं. या नोडवर ते दुपारी साडेचारलाच संपतं. छोटे जॉब व्यवस्थित, लांबलेले साडेसहा तासांनी आडवे! लोक सर्टिफिकेट पुन्हा काढत बसतात. मदरबोर्डचं घड्याळ चालू ठेवणारा सीएमओएसचा सेल मेला असेल तर उलटं होतं: सुट्टीनंतर पीसी जुन्या तारखेत उठतो आणि सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारतो. प्रत्येक नोडवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) लावा, सगळ्यांना एकच टाइम सर्व्हर द्या आणि विंडोजलाही यूटीसी वापरायला सांगा. सर्टिफिकेटला हात त्यानंतर.

नावांचा घोळ त्याखालोखाल. उबुंटू लिनक्स होस्ट्स फाईलमध्ये (मशीनवरची नाव-पत्त्यांची यादी) मशीनचं नाव 127.0.1.1 या स्वतःकडेच वळणाऱ्या पत्त्याला बांधून ठेवतं. मग सेवा बाहेर तोच पत्ता सांगते आणि समोरचा नोड स्वतःचंच दार वाजवत बसतो. ती ओळ काढून खरा आयपी लिहा. डीएनएसमध्ये (नावं आणि पत्ते जुळवणारी सेवा) नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्ही जुळायला हवीत, नाहीतर होस्ट सर्टिफिकेट (मशीनचा ओळख-दाखला) बरोबर असूनही नाकारलं जातं. रद्द सर्टिफिकेटांची यादी वेळेवर आणणारा क्रॉनही (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) तपासा. ती शिळी झाली की सगळेच बाद.

फायरवॉलबद्दल ठरलेला संवाद असा: ‘सर, 2811 तर खोललंय!’ खोललंय, मान्य. पण ते ग्रिडएफटीपीचं (ग्रिडवर फाईल पाठवायची सेवा) फक्त कंट्रोल पोर्ट, म्हणजे आज्ञांचं दार. लॉगिन होतं आणि फाईल तिथेच लटकते, कारण डेटा वेगळ्या पोर्टांवरून जातो. ग्लोबसच्या (ग्रिडएफटीपी ज्यात येतं तो सॉफ्टवेअर संच) टीसीपी पोर्ट रेंजमध्ये 50000 ते 51000 अशी पट्टी ठरवा आणि तीच फायरवॉलवाल्यांना लेखी द्या. एक खूण लक्षात ठेवा: साधं डाउनलोड होतं, पण समांतर स्ट्रीम (एकाच फाईलसाठी एकाच वेळी अनेक जोडण्या) लावले की अडकतं. तिथे कनेक्शन पाठवणारा सुरू करतो, म्हणून घेणाऱ्या मशीनवर ती पट्टी आत येण्यासाठी खुली हवी. आणि 2018 पूर्वीच्या ग्लोबस टूलकिटच्या गाइड आता बाजूला ठेवा; तो वारसा ग्रिड कम्युनिटी टूलकिटकडे गेलाय.

वेग कमी म्हणून लाइनला शिव्या देण्याआधी बफर (आलेला डेटा तात्पुरता धरणारी मेमरी) बघा. 1 गिगाबिटची लाइन आणि डेटाच्या जाण्यायेण्याची 150 मिलीसेकंदांची फेरी धरली, तर सुमारे 19 एमबी डेटा वाटेत असायला हवा. बऱ्याच लिनक्स मशीनवर कमाल रिसीव्ह बफर 6 एमबी असतो. मग एक स्ट्रीम फार तर 300 मेगाबिटच्या आसपास थांबतो. बफर वाढवा किंवा स्ट्रीम वाढवा. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठे पॅकेट) मात्र वाटेतल्या प्रत्येक स्विचवर असतील तरच, आणि आयसीएमपी (‘पॅकेट फार मोठं’ असे निरोप परत आणणारा प्रोटोकॉल) सरसकट बंद करू नका, नाहीतर छोटे पॅकेट जातात आणि मोठे गुपचूप गडप होतात.

नोड नॅटच्या (अनेक मशीन एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय) मागे असतील तर एचटीकंडोर या जॉब वाटणाऱ्या सॉफ्टवेअरचं सीसीबी (जोडणी जुळवून देणारा मध्यस्थ) चालू करा: नोड स्वतःहून बाहेर जोडणी करतात, आणि कलेक्टर (नोडांची नोंद ठेवणारं मशीन) व सबमिट मशीनचं (जॉब टाकायचं मशीन) 9618 पोर्ट बाहेरून खुलं ठेवलं की पुरतं. सबमिट मशीनही दुसऱ्याच नॅटमागे असेल तर सीसीबीचा उपयोग नाही, त्याला बाहेरून पोचता येईल असा आयपी द्यावाच लागतो.