झाड तोडण्याआधी परवानगीचा कागद पाहावा

नगरपरिषदेच्या हद्दीतले झाड रविवारी सकाळी करवत लावून पाडले जाते आणि सोमवारी कार्यालय उघडेपर्यंत तिथे फक्त भुसा उरतो.

यासाठी आपल्या गल्लीतील मोठ्या झाडांची नोंद आधीच करून ठेवावी: छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजावा, टेप दिसेल असा तारखेसह फोटो काढावा आणि ही यादी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्जासोबत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. ५० वर्षे व त्याहून जुने झाड महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार हेरिटेज (वारसा) वृक्ष ठरते, त्यामुळे वयाचा अंदाजही लिहावा.

तोडणारे आलेच, तर याच कायद्याखालील लेखी परवानगी दाखवायला सांगावी आणि त्यात झाडाची जात, संख्या व जागा नीट वाचावी. माझ्या पाहण्यात फांद्यांच्या छाटणीच्या परवानगीवर अख्खा कडुनिंब बुंध्यापासून कापला गेला आहे, आणि त्याची हळहळ अजून जात नाही. झाडावर सूचना चिकटवलेली असल्यास तिचा फोटो काढून दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी.

मात्र करवतीसमोर किंवा कलत्या फांदीखाली कोणीही उभे राहू नये. वाद न घालता दुरून चित्रीकरण करावे.